हिप-हॉपमधल्या बायकांची गाणी ऐकवायची आहेत, सुरुवात कुठून करू?

मृण्मयी_एडिसन

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण वाचा प्लीज.

आमच्या इथे न्यू जर्सीत मराठी मंडळाच्या बायकांची महिन्यातून एकदा बैठक असते. कधी एखादं पुस्तक, कधी भावगीतं, कधी नुसताच चहा-चिवडा आणि गप्पा. या महिन्यात पाळी माझी आहे. माझी लेक चौदा वर्षांची, चार वर्षं हिप-हॉप डान्स शिकतेय, आणि तिला क्लासला सोडताना गाडीत जे कानावर पडायचं ते ऐकता ऐकता मला इतकं आवडायला लागलं की आता मी एकटी असले तरी तेच लावते. तर मी ठरवलंय की या वेळी पाऊण तास फक्त हिप-हॉपमधल्या बायकांची गाणी ऐकवायची आणि मध्ये मध्ये थोडं बोलायचं.

यादी केली. लॉरिन हिल, मिसी एलियट, कार्डी बी, आता ही नवीन डोची. लेकीला दाखवली तर म्हणते, "आई, या तर सगळ्यांना माहितीयेत, यांच्या आधी कोण होतं?" आणि मला सांगता येईना. शोधायला बसले तर डीजे कूल हर्क, ग्रँडमास्टर फ्लॅश, आफ्रिका बंबाटा, सगळी पुरुषांचीच नावं. म्हणजे बायका मागाहून आल्या का? मला काही ते पटत नाहीये, पण हातात पुरावा नाही.

आणि दुसरं, बैठकीला साठी-सत्तरीच्या काकू-मावश्याही असतात, तर शिव्या असलेली गाणी वगळू का? वगळली तर निम्मी यादी जाते.

बेसवाला_पुणे

मागाहून? अहो ताई, पहिली पार्टीच मुळात एका मुलीने ठेवली होती!

११ ऑगस्ट १९७३, न्यू यॉर्कमधलं ब्राँक्स, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू. हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून जगभर हीच तारीख धरतात. कूल हर्कची पार्टी म्हणतात तिला, पण ती हर्कची नव्हतीच, ती त्याच्या धाकट्या बहिणीची, सिंडी कॅम्पबेलची. शाळा सुरू होणार होती, तिला नवे कपडे घ्यायचे होते, जवळच्या फोर्डहॅम रोडवर सगळेच घेतात तसले नकोत, डिलॅन्सी स्ट्रीटवरचे हवेत, आणि त्याला पैसे लागतात. म्हणून तिने बिल्डिंगमधला तळमजल्यावरचा हॉल भाड्याने घेतला, कार्डांवर हाताने जाहिराती लिहून वाटल्या, तिकीट ठेवलं मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट, आणि गाणी वाजवायला घरातलाच भाऊ बसवला. आज ज्याला प्रमोटर म्हणतो ना, ती सगळी कामं त्या पोरीने केली. हर्क अर्थातच मोठा, गाण्यातला तालाचा तेवढाच तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवायची युक्ती त्याची. पण हॉल, तिकीट, गर्दी हे सिंडीचं, आणि सांगताना नाव येतं एकट्या भावाचं.

आता पुढे. रॅपचं पहिलं मोठं हिट रेकॉर्ड १९७९ चं, 'रॅपर्स डिलाइट', शुगरहिल गँग या ग्रुपचं. ते काढणारी बाई सिल्व्हिया रॉबिन्सन. ती स्वतः गायिका, पन्नासच्या दशकात मिकी अँड सिल्व्हिया या जोडीतली, १९७३ मध्ये तिचं एकटीचं 'पिलो टॉक' गाजलेलं. तिने पार्टीत लोकांना संगीतावर बोलताना ऐकलं आणि ओळखलं की हे तबकडीवर यायला पाहिजे. तेव्हा हे तबकडीवर येऊ शकतं असं त्या पार्ट्या करणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. गँगमधला एक जण एंगलवूडला पिझ्झाच्या दुकानात कामाला होता, त्याची परीक्षा तिने दुकानाबाहेर गाडीत बसवून घेतली. एंगलवूड तुमच्या न्यू जर्सीतच ना! तिच्या शुगर हिल कंपनीचं घर तेच. १९८२ चं 'द मेसेज', म्हणजे गरीब वस्तीतल्या जगण्यावरचं पहिलं गाजलेलं रॅप, तेही तिच्याच आग्रहामुळे झालं, ग्रँडमास्टर फ्लॅशला ते आधी करायचंच नव्हतं. कंपनीवर पैशांवरून कलाकारांच्या तक्रारी होत्या, ते लपवायचं कारण नाही, तीही खरी बाजू आहे. पण रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला घेतलं २०२२ ला. बाई गेली २०११ ला.

आणि तिसरी शा-रॉक. फंकी फोर प्लस वन नावाचा ग्रुप, चार मुलगे आणि तो 'प्लस वन' म्हणजे शा-रॉक. फेब्रुवारी १९८१ मध्ये हा ग्रुप 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर आला, अमेरिकेच्या राष्ट्रीय टीव्हीवर दिसलेला पहिला हिप-हॉप ग्रुप. 'दॅट्स द जॉइंट' लावा आणि फक्त तिचा आवाज वेगळा काढून ऐका, चौघांच्या मधून ती कशी अलगद शिरते आणि ठेका अजिबात न सोडता वाक्य संपवते ते. मी साउंडची कामं करतो, गेली पंधरा वर्षं लोकांचे आवाज ऐकतोय, श्वास कुठे घ्यायचा हे इतकं पक्कं असलेले लोक फार थोडे.

रात्रपाळी_ब्राँक्स

बेसवालादादा, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं.

मी ब्राँक्समध्ये नर्स आहे, अकरा वर्षं झाली. १५२० सेजविक मी पाहिलंय. मला वाटलं होतं काहीतरी मोठं स्मारक असेल, तर तसं नाही, हायवेला खेटून उभी असलेली साधी विटांची उंच बिल्डिंग, लोक राहतात, खालून पिशव्या घेऊन बायका आत-बाहेर करतात, गाड्यांचा आवाज सतत. रस्त्याला हिप-हॉप बुलेव्हार्ड असं नाव दिलंय तेवढंच. मी दहा मिनिटं उभी राहिले आणि सारखं डोक्यात तेच, की इथे एका शाळकरी मुलीने दारात बसून नाणी मोजली असतील.

आमच्या वॉर्डात एक क्लार्क बाई होत्या, आता रिटायर झाल्या, तिथेच लहानाच्या मोठ्या झालेल्या. रात्री दोन-अडीचला फाइली लावताना त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, शा-रॉक. त्यांच्या शाळेच्या दिवसांत पार्ट्यांच्या कॅसेटी हातोहात फिरायच्या, त्यावरून पाठ केलेलं. मी म्हटलं म्हणून दाखवा ना, तर त्यांनी हातातलं पेन टेबलावर वाजवत अख्खं कडवं म्हटलं, चाळीस वर्षांपूर्वीचं, एक शब्द अडला नाही. मृण्मयी, तू बैठकीत हे सांग. पुस्तकात नाव असो-नसो, त्या वयाच्या बायकांच्या ओठांवर आहे.

फडकरी

मला रॉक्सॅन शांतेबद्दल लिहायचंय कारण तिच्याशिवाय ही बैठक होऊच शकत नाही.

१९८४. यूटीएफओ नावाच्या ग्रुपचं गाणं होतं 'रॉक्सॅन, रॉक्सॅन', एक मुलगी आम्हाला भाव देत नाही म्हणून तिघांची रडारड. क्वीन्सब्रिज म्हणजे न्यू यॉर्कमधली सरकारी घरांची प्रचंड मोठी वसाहत, तिथे लोलिता शांते गुडन नावाची चौदा वर्षांची पोर. सांगतात ते असं की ती कपडे धुवायला निघाली होती आणि मार्ली मार्ल या प्रोड्यूसरने तिला वरून हाक मारली, ये, जरा हे करून जा. त्याच्या घरातच, कागदावर काही न लिहिता, तिने त्या रॉक्सॅनच्या बाजूने एका दमात उत्तर ठोकून दिलं, 'रॉक्सॅन्स रिव्हेंज'. तिघांचाही एकेक करून समाचार घेतला. आणि मग खाली जाऊन कपडे धुतले! त्यानंतर उत्तराला उत्तर, त्याला उत्तर अशी डझनावारी रेकॉर्डं निघाली, रॉक्सॅनची आई, रॉक्सॅनचा भाऊ, सगळ्यांच्या नावाने.

आता हे वाचून कुणाही मराठी माणसाला काय आठवणार? सवाल-जवाब! कलगी-तुरा! आपल्याकडे शाहिरांचे दोन फड समोरासमोर बसून रात्रभर एकमेकांना कोडी घालायचे, तेच हे. मला तर वाटतं मृण्मयीताईंनी बैठकीचं नावच 'सवाल-जवाब' ठेवावं, आपलं हे आधीपासून होतंच.

आणि फक्त शांतेच नाही. सॉल्ट-एन-पेपाचं पहिलं रेकॉर्ड 'द शोस्टॉपर', १९८५, तेही उत्तरच होतं, डग ई. फ्रेशच्या 'द शो'ला. तेव्हा त्या दोघी सीअर्स नावाच्या मोठ्या दुकानात नोकरी करत होत्या. म्हणजे बायकांना माइक कुणी आणून दिला नाही, पुरुषांच्या गाण्यात आपल्याबद्दल जे बोललं जातंय त्याला उत्तर देत देत त्या आत आल्या.

रात्रपाळी_ब्राँक्स

फडकरी, शेवटचं वाक्य अगदी पटलं, पण "आपलं आधीपासून होतंच" हे नका हो म्हणू. सवाल-जवाब सांगा, मावश्यांना लगेच कळेल, त्यासाठी उत्तम. पण ही त्यांची गोष्ट आहे. काळ्या लोकांमध्ये एकमेकांना शब्दांनी चीत करायचा डझन्स नावाचा खेळ कितीतरी जुना, हर्क आणि सिंडीचं कुटुंब जमैकाचं, तिथे मोठाले स्पीकर लावून त्यावर बोलायची पद्धत होती, या सगळ्यातून ते आलंय. शांते काही लावणीची नक्कल करत नव्हती. तिला तिच्या वस्तीतली मुलगी राहू द्या ना. नाव मिळायला आधीच एवढा वेळ लागलाय, त्यात आपण परत आपलं नाव कशाला लावायचं? ग्रॅमीवाल्यांनी जीवनगौरव दिला तो २०२५ मध्ये, १९८४ पासून मोजा किती वर्षं झाली.

फडकरी

बरोबर आहे, मागे घेतो. समजावण्यापुरतं ठेवू, हक्क सांगायला नको.

सिलोनचा_श्रोता

मृण्मयी, तुझ्या काकांच्या वयाचा आहे म्हणून एकेरी लिहितो. मला हिप-हॉपमधलं विशेष काही कळत नाही, पण एक नातं खरंखुरं आहे आणि ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

२००२ चा उन्हाळा, मुलाकडे सॅन होजेला गेलो होतो. सिग्नलला गाडी थांबली, शेजारी एक उघड्या टपाची गाडी, तिच्यातून धाड धाड ठेका चाललेला, आणि त्या ठेक्याच्या वरून लताबाई! मी मुलाला म्हटलं काच खाली कर. लताबाईच. 'थोडा रेशम लगता है', १९८१ च्या 'ज्योती' सिनेमातलं, बप्पी लाहिरींचं. सिग्नल सुटला, ती गाडी गेली, आणि मी पुढचे दोन दिवस मुलाच्या मागे लागलो की ते काय होतं शोध. ते होतं ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह', त्यात राकिम नावाचा नामांकित रॅपर. अमेरिकेच्या हिट गाण्यांच्या मुख्य यादीत नवव्या नंबरापर्यंत गेलं. परवानगी घेतली नव्हती, कोर्टकज्जे झाले, आणि संगीतकार म्हणून बप्पी लाहिरींचं नाव टाका नाहीतर विक्री थांबवा असा आदेश निघाला. तो योग्यच होता. पण मला त्या वेळी राहून राहून वाटत होतं की अमेरिकाभर गाड्यांतून जो आवाज घुमतोय तो कुणाचा, हे त्या ऐकणाऱ्या पोरांना कोण सांगणार?

कारण हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा घडत नव्हतं. १९४९ च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला', त्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र! आमच्या थोरल्या मामांकडे ती तबकडी होती, लेबलवरचं ते नाव मी बोट फिरवून वाचलेलं आहे. लोकांनी रेडिओला पत्रांवर पत्रं पाठवली की ही गाणारी कोण, तेव्हा कुठे नाव सांगितलं गेलं. पुढे १९५७ ला 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं, समारंभात 'रसिक बलमा' गा म्हणाले, तर बाईंनी साफ नकार दिला, गाणाऱ्यांसाठी पुरस्कारच नाही तर मी का गाऊ? पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला १९५९ ला.

तुमच्या त्या 'प्लस वन'बद्दल वाचलं आणि मला सरळ ती 'कामिनी' आठवली.

वैशाली_सातारा

काका, काटा आला अंगावर.

मृण्मयी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर बोलते, शिव्या आणि 'तसली' गाणी. माझं मत स्पष्ट आहे, मावश्यांना काय झेपेल ते आपण ठरवू नये. माझी आजी माळकरी, एकादशी न चुकवणारी, पण स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना एकटी असली की सुलोचना चव्हाणांची लावणी गुणगुणायची, 'फड सांभाळ तुऱ्याला गं आला'. कुणी आत आलं की गप्प. सुलोचनाबाई डोक्यावरून पदर घेऊन उभ्या राहायच्या आणि आवाजात असा ठसका की बास, आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं ते उगाच नाही. त्या लावण्यांचा अर्थ माझ्या आजीला पुरता कळत होता. आज तिच्याच वयाच्या बायकांसमोर आपण म्हणणार की हे तुमच्यासाठी नाही?

फक्त शिवी शिवीत फरक असतो तो सांग. क्वीन लतीफाचं 'युनिटी' घे, १९९३ चं, त्याला ग्रॅमी मिळालंय. त्यात शिवी आहे, पण ती शिवी पुरुष बायकांना देतात ती, आणि लतीफा विचारते हे तू कुणाला म्हणतोस? पहिल्या कडव्यात ती रस्त्याने चाललीये, उन्हाळा आहे, मागून कुणीतरी हात लावतो, ती वळून जाब विचारते आणि तो उलट बोलतो तेव्हा ठोसा लगावते. एसटीत, लोकलमध्ये, यात्रेत हे कुणाच्या वाट्याला आलेलं नाही? मी हे गाणं पहिल्यांदा नीट शब्द लावून ऐकलं तेव्हा मला कॉलेजातला सातारा स्टँड आठवला आणि मी रडले. दुसऱ्या कडव्यात घरात मार खाणारी बाई आहे. हे गाणं वगळलंस तर बैठक कशाला घ्यायची?

आणि ज्यात शिवी नाही असं हवंच असेल तर एमसी लाइटचं 'आय क्रॅम टु अंडरस्टँड यू'. एका मुलीला संशय येतो की आपला मित्र दुसऱ्या कुणाच्या तरी नादी लागलाय, पैसे उडवतोय, भेटत नाही, आणि शेवटी कळतं की ती दुसरी बाई नाहीच, ते क्रॅक आहे, म्हणजे कोकेनचा नशा. लाइटने हे शाळकरी वयात लिहिलंय. ज्या घरात दारू शिरलीये तिथल्या बाईला हे गाणं एका ओळीत समजेल, भाषांतर लागणार नाही.

बेसवाला_पुणे

लाइटचं नाव आलं ते बरं झालं. १९८८ चा तिचा 'लाइट अ‍ॅज अ रॉक', एकट्या स्त्री रॅपरचा पहिला पूर्ण अल्बम.

अजून दोन गोष्टी. एक, सिल्व्हियाच्याच कंपनीतून १९७९ लाच 'द सीक्वेन्स' या तीन मुलींच्या ग्रुपचं 'फंक यू अप' आलं. न्यू यॉर्कच्या नव्हत्या, दक्षिण कॅरोलिनातल्या. त्यातली एक पुढे अँजी स्टोन म्हणून सोल गायिका झाली, २०२५ मध्ये अपघातात गेली. दोन, तुमची पहिली यादी टाकून देऊ नका. मिसी एलियट रॉक हॉल ऑफ फेममध्ये गेलेली पहिली स्त्री रॅपर, २०२३. तिच्या 'गेट युअर फ्रीक ऑन'मध्ये सुरुवातीपासून जे टुणटुण वाजतं ना, ती पंजाबी तुंबीची धून आहे, एका तारेच्या वाद्याची, हे मावश्यांना नुसतं ऐकवा, त्या स्वतःच ओळखतील. आणि बेस्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी १९९६ ला सुरू झालं, तेव्हापासून २०२५ पर्यंत ते मिळालेल्या बायका तीन, लॉरिन हिल तिच्या फ्युजीज ग्रुपबरोबर, मग कार्डी बी, मग डोची. तीस वर्षांत तीन. हा आकडा सांगताना थोडं थांबा.

वैशाली_सातारा

आणि आपल्याकडचं म्हणून एक तरी लाव गं. मुंबईत वाइल्ड वाइल्ड विमेन नावाचा पोरींचाच हिप-हॉप ग्रुप आहे. आणि माही जी, महादेव कोळी समाजातली, मराठीत रॅप करते, 'जंगलचा राजा' ऐक. जंगल आणि आदिवासींचं जगणं यावर इतकं थेट मराठीत बोलणारी दुसरी पोरगी मी ऐकलेली नाही.

मृण्मयी_एडिसन

मंडळी, काल रात्री लेकीला शेजारी बसवून तुमच्या सगळ्या पोस्ट मोठ्याने वाचून दाखवल्या. सिंडीपाशी ती उठून उभीच राहिली, कारण ती जवळपास त्याच वयाची, आणि तिलाही नेहमी कपडेच हवे असतात.

ठरलं ते असं. सुरुवातीला काकांची गोष्ट, 'कामिनी', आणि लगेच 'अ‍ॅडिक्टिव्ह'चं पहिलं मिनिट, म्हणजे सगळ्या जणी ओळखीच्या आवाजावरून आत येतील. मग सिंडी, मग शा-रॉक, शांते, लाइट, आणि 'युनिटी' पूर्ण, एक शब्दही न कापता. आधी मी मराठीत अर्थ सांगणार, ती शिवीसुद्धा मराठीत उच्चारणार, मला माहितीये माझा आवाज कापेल पण म्हणणार. मिसी, लॉरिन, डोची शेवटच्या दहा मिनिटांत, माही जी चहाच्या आधी. 'रॅपर्स डिलाइट'चं मोठं व्हर्जन चौदा मिनिटांच्या वर आहे, ते कसं बसवू?

रात्रपाळी, तुझी शनिवारी सुट्टी असेल तर येशील का? पेन वाजवत म्हटलेलं ते कडवं तू सांगितलंस तर मी सांगण्यापेक्षा बरं.

बेसवाला_पुणे

चौदा मिनिटं नको, तुम्ही सिल्व्हियाबद्दल बोलाल तेव्हा ते मागे हळू आवाजात चालू ठेवा, आणि त्याच्या जागी 'फंक यू अप' लावा. स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नका, बेस घुमतो आणि शब्द जातात, भिंतीपासून हातभर पुढे घ्या.

रात्रपाळी_ब्राँक्स

शुक्रवारची रात्रपाळी आहे, सकाळी आठला सुटते, तासभर झोपून येते. त्या क्लार्क बाईंचा नंबर आहे माझ्याकडे, त्यांनाच विचारते, येतील तर घेऊनच येते.

मृण्मयी_एडिसन

घेऊनच ये!! जेवायलाच या दोघी. लेक आत्ता कार्डं घेऊन बसलीये, सिंडीसारखी हाताने आमंत्रणं लिहितेय, वर कार्यक्रमाचं नाव आणि खाली एकेक ओळीत सगळ्या जणींची नावं. पहिली ओळ सिंडी कॅम्पबेल. त्या बाईंचं नाव कळव, तेही घालतो.